दोन शिक्षकी शाळेतला आठवडा कसा बसवायचा: नव्या शिक्षकांसाठी

पाटण तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या जिल्हा परिषद शाळेत मी रुजू झाले तेव्हा शाळेत खोल्या दोन, शिक्षक दोन आणि पटावर ४१ मुलं होती. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी थोरल्या गुरुजींकडे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पट ६० च्या आत असला की शिक्षक दोन, त्यामुळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाड्यावस्त्यांवर नेमणूक झाली की बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं. डी.एड.ला आपण एका वर्गासमोर उभं राहून एक पाठ घ्यायला शिकलेलो असतो. इथं समोर दोन वर्ग, दोन पुस्तकं, आणि दाराशी कुणाची तरी आजी ‘बाई, दाखला कवा मिळायचा?’ म्हणून उभी.

पहिला महिनाभर मी रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं नियोजन करायचे. मंगळवारी पाऊस यायचा, बुधवारी गुरुजी बैठकीला जायचे, गुरुवारपर्यंत माझं नियोजन दोन दिवस मागं पडलेलं असायचं आणि मी ते भरून काढायला पळायचे. दुसरीला शिकवत असताना पहिलीतली पोरं दप्तराचे पट्टे चावत बसायची. ते बघून गुरुजी म्हणाले, ‘बाई, दिवस धरू नका, आठवडा धरा.’ पुढं मी खटाव तालुक्यात बदलून आले, तिथंही हेच धरून चालले. दिवस बिघडतो, पण आठवडा सहसा बिघडत नाही. या आठवड्यात काय व्हायलाच पाहिजे हे ठरलेलं असलं, तर एखादा दिवस गेला तरी ते करायला जागा उरते. तो आठवडा कसा बसवायचा ते खाली क्रमानं लिहिते.

सोमवारच्या आधी हाताशी काय हवं

कागदपत्रं आणि वह्या:
- तुमच्याकडच्या दोन्ही वर्गांची सगळी पाठ्यपुस्तकं, शिवाय एक इयत्ता खालचीही (ही फार लागतात)
- वार्षिक आणि मासिक नियोजन, टाचणवही (पाठांची तयारी लिहायची वही)
- दोन्ही वर्गांचं मिळून एकच वेळापत्रक, भिंतीवर लावलेलं
- हजेरी आणि आकारिक मूल्यमापनाची (रोजच्या कामावरून करायच्या मूल्यमापनाची) नोंदवही
- अध्ययन निष्पत्तींची यादी (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते)
- एक साधी शंभर पानी वही, फक्त तुमची. हिचं काम पुढं सांगते.

साहित्य:
- तुरीच्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, दोनशे तरी, आणि रबरं
- चिंचोके, शंभर मण्यांची माळ
- पाट्या आणि खडू
- जुनी कॅलेंडरं, रद्दी वर्तमानपत्रं, बिस्किटाच्या पुड्यांची वेष्टनं
- मीटर टेप, सुतळी, जुना तराजू
- शब्दपट्ट्यांसाठी पुठ्ठे (लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम)

विकतचं शैक्षणिक साहित्य आलं तर वापरा, पण त्याची वाट बघू नका. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधले व्हिडिओ दाखवायचे असतील तर रेंज असेल तिथंच आदल्या दिवशी उतरवून ठेवा. डोंगरात ऐनवेळी चाक फिरत राहतं आणि वर्ग हातचा जातो.

१. पहिले दोन आठवडे शिकवायची घाई करू नका, मुलं कुठं आहेत ते बघा

आधीच्या शिक्षकांनी दिलेली श्रेणी बघा, पण तिच्यावर थांबू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा.

हे मी का सांगते आहे? एक वर्ष माझ्याकडे तिसरी होती. त्यातली एक मुलगी पुस्तकातला पाठ घडाघडा वाचायची, ओळीखालून बोट फिरवत. आवाज खणखणीत. मी तिला ‘वाचते’ या यादीत घातलं होतं. एक दिवस सहज पाठातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोणता शब्द? ती गप्प झाली. मग तिचे ओठ हलायला लागले. ती पाठाच्या पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणत येत होती, त्या शब्दापर्यंत पोचायला. पोचली आणि म्हणाली, ‘पाऊस.’ उत्तर बरोबर होतं. तिला सबंध पाठ तोंडपाठ होता आणि एकही शब्द वाचता येत नव्हता. दोन वर्षं ती अशीच पुढं आली होती, कारण कुणी शब्दावर मधेच बोट ठेवलं नव्हतं.

तेव्हा वाचन तपासताना पुस्तकातला शिकवलेला पाठ वापरू नका. शब्दपट्ट्या उलटसुलट दाखवा, नवं वाक्य फळ्यावर लिहा. मी पाच रकाने करते: अक्षर ओळखतो, काना-मात्रा नसलेला शब्द वाचतो (कमळ, नगर), काना-मात्रा, वेलांटी, उकार वाचतो, जोडाक्षर वाचतो, उतारा वाचून काय समजलं ते सांगतो. मराठीत मुलं अडकतात ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या रकान्याच्या मध्ये. ‘किती’चं ‘कती’ होतं, ‘कुठं’चं ‘कठं’. चौथीतलं मूल इथं अडकलेलं सापडलं तर धक्का घेऊ नका आणि त्याला चारचौघांत बोलूही नका. त्याचं काम तिसऱ्या रकान्यापासून सुरू होतं, एवढंच.

गणितालाही असंच करा: मोजणं, दोन अंकी संख्या, बिनहातच्याची आणि हातच्याची बेरीज, वजाबाकी, पाढे, तोंडी उदाहरण.

२. वर्गांच्या जोड्या विचार करून लावा

पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे ही रूढ पद्धत आहे. काही ठिकाणी पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी करतात, म्हणजे प्रत्येक खोलीत थोडी स्वतः काम करणारी मुलं असतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं मत रूढ पद्धतीच्या बाजूचं आहे, कारण पहिली-दुसरीचं भाषेचं काम जवळजवळ एकच असतं आणि दुसरीतलं मागं राहिलेलं मूल न बोलता, न सांगता पहिलीच्या गटात बसून जातं. त्याला आपण मागं आहोत हे कळतही नाही.

एक सापळा: दोन वर्ग आहेत म्हणून दोन स्वतंत्र वेळापत्रकं करू नका. दोन्ही वर्गांची भाषा एकाच वेळी, गणित एकाच वेळी. नाहीतर एका बाजूला पाढे आणि दुसऱ्या बाजूला कविता, आणि मधे तुमचा घसा.

आणखी एक. महिन्यातून एकदा केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद असते, प्रशिक्षणं असतात, रजा असतात. त्या दिवशी चारही वर्ग एकट्यावर येतात. ‘एकट्या दिवसा’चं नियोजन सप्टेंबरमध्ये नाही, जूनमध्येच लिहून कपाटात ठेवा: कोणती गोष्ट वाचून दाखवायची, मोठ्या-लहानांच्या मिश्र जोड्यांना काय द्यायचं, कोणता खेळ घ्यायचा. ही तयारी नसली की तो दिवस नुसती मुलं सांभाळण्यात जातो.

३. आठवड्याचा सांगाडा

माझा असा असतो, तुमचा तुमच्या गावाप्रमाणे बदला.

सोमवार: बोलण्याचा दिवस. दोन दिवसांत काय झालं ते मुलं सांगतात. त्यातली चार-पाच वाक्यं फळ्यावर येतात आणि तीच त्या दिवसाचा वाचनपाठ होतात. नवीन घटक दुपारनंतर.

मंगळवार, बुधवार, गुरुवार: नवं शिकवायचं ते याच तीन दिवसांत. सकाळी भाषा, खिचडीच्या आधी गणित, दुपारी इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, खेळ. अवघड गोष्ट जेवणानंतर घेऊ नका.

शुक्रवार: नवीन काहीच नाही. राहिलेलं, चुकलेलं, गैरहजर मुलांचं.

शनिवार: सकाळची शाळा, दप्तराविना.

आता गावाचा बाजार कोणत्या वारी असतो ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी हजेरी घटते, आलेल्या मुलांचंही चित्त आई काय आणणार याच्याकडे असतं. त्या दिवशी नवा घटक सुरू केला तर दुसऱ्या दिवशी परत शिकवावा लागतो. उलट बाजाराचा दुसरा दिवस गणिताला सोन्यासारखा. वांगी कितीला आणली, शंभरातले किती उरले, हे मुलं घरी ऐकून आलेली असतात.

तसंच पावसाचं. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा ओरडून शिकवत बसू नका. लेखन, चित्र, काड्यांचं काम, जोडीनं वाचन अशी बिनआवाजाची कामं त्या वेळेसाठी राखून ठेवा. माण, खटाव, जतकडे ही अडचण नाही, तिथं उन्हाची आहे. मार्चपासून दुपारचं काम हलकं करा. बेंदूर, गावची जत्रा, भातलावणी हेही वार्षिक नियोजनात आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवा. त्या दिवसांत हजेरी पडते ती मुलांची चूक नसते.

परिपाठ रोजचाच: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या. तो लांबवू नका, पण दिनविशेष नुसता वाचूही नका. आपल्या भागात त्यासाठी लांब जावं लागत नाही. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म झाला तो खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्यातल्या शाळेच्या पटावर लागलं, तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना कराडजवळच्या काले गावी केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे. चौथीच्या इतिहासातला प्रतापगड तर आपल्याच जिल्ह्यात. खाशाबांचं गाव आपल्या मामाच्या गावाशेजारी आहे हे कळल्यावर एका पोरानं आठवडाभर दुसरं काही बोलायचं नाव काढलं नव्हतं. असं नातं लागलं की तारीख विसरत नाही.

४. स्वयंअध्ययनाचं काम आधी ठरवा, शिकवायचं नंतर

दोन वर्गांच्या खोलीत खरा प्रश्न ‘मी काय शिकवू’ हा नसतो. मी एका वर्गाला शिकवत असताना दुसरा काय करतोय, हा असतो. म्हणून टाचणात हे आधी लिहा.

‘पाठ उतरवून काढा’ हे काम देऊ नका. नवे शिक्षक इथंच फसतात, मीही फसले होते. वही भरलेली दिसते, अक्षर बरं दिसतं, पालक खूश होतात, आणि मूल एकही शब्द न वाचता सबंध पान उतरवतं. त्याऐवजी:
- पाच शब्दपट्ट्या द्या, प्रत्येकीवरून एक चित्र काढायचं
- वर्तमानपत्रातून ‘क’ किंवा जोडाक्षर असलेले शब्द शोधून गोल करायचे
- कॅलेंडरवरून: या महिन्यात सोमवार किती, पुढच्या बुधवारी तारीख काय
- बिस्किटाच्या वेष्टनावरून वजन, किंमत वाचून वहीत मांडायची
- एकानं काड्यांची संख्या मांडायची, दुसऱ्यानं लिहायची

काम वीस मिनिटांत संपणारं आणि मुलाला स्वतःलाच बरोबर-चूक तपासता येणारं हवं. आठवड्याला असे आठ-दहा तुकडे लागतात. ते शुक्रवारी संध्याकाळी पाकिटात घालून ठेवले की पुढचा आठवडा निम्मा बसलेला असतो.

गटप्रमुख जरूर नेमा, पण दर आठवड्याला बदला. चौथीतल्या हुशार मुलीला वर्षभर लहानांना सांभाळायला बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिचंही शिकायचं वय आहे.

५. वाचनाचा फेरा: हे कधीच सोडू नका

पूर्ण लेखातलं एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक मूल तुमच्या शेजारी बसून, फक्त तुम्हाला, तीन-चार मिनिटं वाचून दाखवेल. पटावरचं प्रत्येक.

हिशोब करा. माझ्याकडे दोन वर्गांत मिळून २३ मुलं होती. रोज पाच मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे रोजची वीस मिनिटं. सोमवार ते शुक्रवार २५ जागा होतात. दोन जागा उरतात त्या गैरहजर राहिलेल्यांना. ही वीस मिनिटं वेळापत्रकात लिहा, ‘वेळ मिळाला की’ असं ठेवू नका. वेळ मिळत नाही. त्या वेळात बाकीच्यांकडे वर सांगितलेलं पाकिटातलं काम.

ती शंभर पानी वही यासाठी. प्रत्येक मुलाला दोन पानं. तारीख, काय वाचलं, कुठं अडलं. एक ओळ पुरे: ‘१२/८ – रफार वाचत नाही, सूर्यचं सुरय.’ पुढच्या आठवड्यात ते मूल आलं की आधी मागची ओळ बघायची आणि तिथूनच सुरू करायचं. मुलांना हे फार लवकर कळतं. ‘बाई, आज म्या सूर्य वाचतो बघा’ असं म्हणत ती स्वतःहून येऊन बसतात.

बसवायचं शेजारी, समोर उभं करायचं नाही. अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाच आकडे मोजा. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर समजल्याशिवाय देता येणार नाही. निपुण भारत अभियानात तिसरी अखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं ठरवलेलं आहे. त्याचे तक्ते, चाचण्या येत राहतात, पण हे काम खऱ्या अर्थानं होतं ते या चार मिनिटांत.

६. गणित: मोळी सोडायला शिकवा

५२ वजा २७. दुसरी-तिसरीत निम्मी मुलं ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्यांना ‘वरून खालचं वजा करायचं असतं’ हे दहादा सांगून उपयोग नाही, कारण दोनातून सात जात नाहीत हे त्यांना दिसतंच आहे. म्हणून ती जातंय ते वजा करतात.

काड्या घ्या. दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि सुट्ट्या दोन. आमच्याकडे दशकाला मुलं ‘मोळी’ म्हणतात. जळणाची आणि उसाची मोळी सगळ्यांनी बघितलेली असते. आता म्हणा, मला सात काड्या दे. मूल दोन देतं आणि थांबतं. बोलू नका, बघत राहा. बांधलेली मोळी सोडायला मुलं तयार नसतात, ती मोडल्यासारखी वाटते. काही पोरं शेजाऱ्याकडून पाच काड्या मागून आणतात! मग कुणीतरी रबर काढतं. बारा सुट्ट्या होतात, सात देऊन पाच राहतात, मोळ्या चारातून दोन गेल्या, दोन राहिल्या. पंचवीस. ‘हातचा घेणे’ हा शब्द यानंतर आठवड्यानं आणा. एका आठवड्यात फक्त मोळी सोडणं झालं तरी पुष्कळ.

संख्यानामांकडेही लक्ष द्या. मराठीत बावन्न म्हणताना आधी दोन ऐकू येतो, म्हणून मूल २५ लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकलं की शेवटी ‘तीस’ ऐकू येतं आणि ३१ नाहीतर ३९ लिहिलं जातं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. वाद काहीही असो, अडचण खरी आहे. मी दोन्ही म्हणून घेते: ‘पन्नास आणि दोन, बावन्न.’ आणि एकोण म्हणजे एकानं कमी, हे माळेवर तीस मणी मोजून एक मागं सारून दाखवते. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते रोज सांगितलं पाहिजे.

चौथीच्या मुलांना खिचडीचा हिशोब द्या. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ. आज ३८ मुलं, तर किती? तीन किलो आठशे ग्रॅम. स्वयंपाकाच्या मावशींना सांगून तेच मूल वजन करायला जाईल. गुणाकार, एककं, वजन, सगळं रोज खरं खरं होतं.

७. घरची बोली चूक म्हणू नका

पहिलीतलं मूल सोमवारी सांगतं, ‘म्या आजीसंगं शेताला गेल्तो. तितं वाईच पाऊस आला.’ हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहा. ते मूल आयुष्यात पहिल्यांदा आपलं बोलणं लिहिलेलं बघतं. त्याला ते वाचता येतं, कारण ते त्याचंच आहे. मग खाली दुसऱ्या रंगाच्या खडूनं लिहा: ‘मी आजीबरोबर शेतात गेलो होतो. तिथं थोडा पाऊस आला.’ आणि सांगा, पुस्तकात असं लिहितात. ‘असं बोलायचं नसतं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. पहिलीतली मुलं महिनामहिना बोलत नाहीत तेव्हा ती लाजाळू असतात असं आपण म्हणतो. कितीदा तरी त्यांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बोलण्यावरून हटकलेलं असतं.

८. शनिवार नुसता खेळात घालवू नका, आणि नुसता फोटोतही नको

आनंददायी शनिवारी दप्तर नसतं, म्हणून काम नसतं असं नाही. शनिवार पुढच्या आठवड्याचं बियाणं आहे. एका शनिवारी आम्ही शाळेपुढच्या वडाच्या बुंध्याला सुतळी गुंडाळली. त्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा: किती हात? कुणी म्हणालं चार, कुणी वीस. हातांनी मोजलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं, कारण पहिलीतला हात लहान. त्यावरून भांडण झालं. भांडण मिटवायला टेप आणला. मंगळवारी मीटर-सेंटीमीटर शिकवायला वेगळी प्रस्तावना लागली नाही, आणि ती सुतळी वर्षभर खिळ्याला टांगलेली होती.

परसबाग मोजणं, ओढ्याकाठची पानं गोळा करून त्यांचे गट पाडणं, गावातल्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकणं, मातीचे बैल करणं, हे सगळं आठवड्याला जोडता येतं. फोटो एकच काढा, शेवटी. काम मधे थांबवून मुलांना कॅमेऱ्याकडे बघायला लावलं की खेळ संपतो.

९. नोंदी शुक्रवारी, अर्ध्या तासात

आकारिक मूल्यमापनाला पहिली-दुसरीत ७० आणि तिसरी-चौथीत ६० गुण असतात, संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, अनुक्रमे ३० आणि ४०. म्हणजे जास्त वजन रोजच्या कामाला आहे. तरी बहुतेक शाळांत वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एका रात्रीत लिहिल्या जातात आणि सगळ्या मुलांची ‘प्रगती समाधानकारक’ होते. तुमची शंभर पानी वही असेल तर हे करायची वेळ येत नाही. दर शुक्रवारी पाच-सहा मुलांच्या नोंदी त्या वहीतून उतरवा, महिन्यात फेरा पूर्ण होतो. नोंद अशी हवी की ती वाचून दुसऱ्या शिक्षकाला ते मूल ओळखता यावं: ‘गोष्ट क्रमानं सांगते, लिहिताना अनुस्वार विसरते.’

टाचणातही खरं लिहा. झालं नाही ते ‘झालं नाही, कारण’ असं लिहून पुढच्या आठवड्यात ओढा. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले तर तुमची वही त्यांच्यापुढं उघडा. मला आजवर कुणी त्यावरून रागावलेलं नाही.

आणि फोन. माहिती मागवणारे मेसेज दिवसभर येत राहतात. पोषण आहाराची संख्या भरायची असते तेव्हा भरा, एरवी शिकवण्याच्या वेळेत फोन कपाटात ठेवा.

१०. दिवाळीनंतर येणारी आणि जाणारी मुलं

उसाचा हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूसकडे बीड वगैरे भागांतून तोडणीची कुटुंबं येतात, रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. जतकडची काही कुटुंबं उलट बाहेर जातात. माण, आटपाडीकडचे मेंढपाळही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात. तुमच्या पटावर नावं तशीच राहतात आणि बाकं रिकामी होतात, किंवा बाकं भरतात आणि नावं नसतात.

जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) द्या आणि त्याची दोन पानं तुमच्या वहीतून उतरवून सोबत द्या. येणाऱ्या मुलाला दाखला नाही म्हणून परत पाठवू नका. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, असं कायद्यात स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी त्याला पुस्तक देण्याआधी पहिल्या पायरीतलं काम करा, पाच रकाने बघा. त्याला वाचनाच्या फेऱ्यात लगेच घ्या, शुक्रवारपर्यंत थांबू नका. ही मुलं तुमच्याकडे चार-पाच महिने असतात, म्हणजे फार तर वीस आठवडे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी दारात उभी असेल तर दोघांनाही आत बसवा. धाकट्याच्या हातात चिंचोके द्या, तोंडात घालणार नाही एवढा मोठा असेल तर, नाहीतर पाटी.

११. पालकांशी काय बोलायचं

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सभेत इमारत, पाणी, गणवेश हे विषय येतातच. त्यात दहा मिनिटं मागून घ्या आणि मुलांना वाचायला लावा, तुम्ही बोलू नका. आयांना सांगा की लिहिता-वाचता येत नसलं तरी रोज संध्याकाळी चूल पेटवताना पोराला शेजारी बसवून ‘आज काय वाचलंस ते वाचून दाखव’ एवढं म्हणायचं. तपासायचं आम्ही बघतो. ऐकायला कुणीतरी आहे, याचा फरक तीन-चार आठवड्यांत वाचनाच्या फेऱ्यात दिसतो.

पहिल्या सोमवारी हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त रकाने. दुसऱ्यात वाचनाचा फेरा. तिसऱ्यात पाकिटं. बाजाराचा वार, जत्रेची तारीख आणि मावशींचा चहाचा वेळ तेवढ्यात आपोआप कळतो. वेळापत्रक पेन्सिलीनंच लिहा. माझं पहिल्या वर्षी नागपंचमीपर्यंत चारदा खोडलं होतं.